स्मरणशक्ति वाढते म्हणजे काय?

परीक्षांचे दिवस जवळ आले कीं घरोघरीं एक तक्रार ऐकूं येऊं लागते. मुलगा दिवसभर पुस्तक घेऊन बसतो, रात्रीं डोळे मिटेपर्यंत वाचतो, आणि सकाळीं विचारावें तर त्यास त्यांतलें निम्मेंही सांगतां येत नाहीं. मग आई बदाम भिजत घालते, आजी ब्राह्मीचें तेल टाळूवर चोळण्याचा आग्रह धरते, वडील जाहिरात पाहून स्मरणशक्तीच्या एखाद्या वर्गाची चौकशी करतात. एवढें करूनही निकाल मनासारखा लागला नाहीं म्हणजे ‘याची स्मरणशक्तिच कमी’ असा शेरा त्या मुलाच्या नांवावर कायमचा बसतो. त्याच घरांत आजोबांना समोर राहणाऱ्या गृहस्थांचें नांव एखाद्या दिवशीं आठवत नाहीं, आणि त्यांच्या मनांत एक निराळीच धास्ती घर करूं लागते. ती ते कोणाजवळ बोलून दाखवीत नाहींत.

या दोन्ही चिंतांच्या मुळाशीं एकच समजूत आहे. स्मरणशक्ति ही जणूं एक वस्तु असून ती कोणाजवळ जास्त, कोणाजवळ कमी असते, आणि दंडाच्या स्नायूप्रमाणें ती व्यायामानें अथवा खुराकानें पुष्ट करतां येते, ही ती समजूत. ती खरी असती तर एक गोष्ट पाठ केल्यानें दुसरी कोणतीही पाठ करणें सोपें झालें असतें. ज्यानें हजार श्लोक तोंडपाठ केले त्यास गिऱ्हाइकांचीं नांवें, औषधांचीं प्रमाणें आणि घराच्या किल्ल्या कोठें ठेवल्या तें आपोआप ध्यानांत राहिलें असतें. असें होतें काय?

हा प्रश्न वादावर न सोडतां करून पाहावा, असें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांस वाटलें. त्यांनीं प्रथम व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच कवीच्या एका दीर्घ कवितेच्या १५८ ओळी आठ दिवसांत पाठ केल्या आणि लागलेला वेळ घड्याळ लावून मोजला. तो सुमारें १३२ मिनिटें भरला. त्यानंतर ३८ दिवस, दररोज थोडा थोडा वेळ देऊन, त्यांनीं मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याचा पहिला सर्ग संबंध तोंडपाठ केला. एवढी तालीम झाल्यावर ते पुन्हां ह्यूगोकडे वळले आणि त्याच कवितेच्या पुढील १५८ ओळी पाठ करावयास बसले. या खेपेस वेळ कमी लागावयास हवा होता. लागला १५१॥ मिनिटें! १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत जेम्स यांनीं हा सर्व हिशेब दिला आहे, आणि दुसऱ्या खेपेस आपण इतर कामांनीं थकलों होतों हेंही प्रामाणिकपणें नमूद केलें आहे.

एकाच माणसावर एकदांच केलेला हा प्रयोग. त्यावरून कोणी निवाडा देऊं नये हें खरें. परंतु पुढें जे अधिक काटेकोर प्रयोग झाले त्यांनीं जेम्स यांचीच बाजू उचलून धरली. पिट्सबर्ग येथील कार्नेगी-मेलन विद्यापीठांतील संशोधकांनीं १९८० सालीं एका सामान्य विद्यार्थ्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास ओळीनें अंक वाचून दाखवावे आणि त्यानें ते त्याच क्रमानें परत म्हणावे, एवढाच खेळ. बहुतेक माणसांस असे सातच्या आसपास अंक म्हणतां येतात. त्यासही आरंभीं सातच येत. सुमारें वीस महिन्यांत, एकंदर २३० तासांच्या सरावानंतर, तो ७९ अंक बिनचूक म्हणूं लागला. स्मरणशक्ति वाढल्याचा याहून उघड पुरावा कोणता, असें कोणासही वाटेल. मग त्यास अंकांच्या ऐवजीं अक्षरें वाचून दाखविलीं, आणि तो एकदम सहांवर आला. खरी गोष्ट अशी होती कीं, तो शर्यतींत धावणारा होता. ३, ४, ९, २ हे चार अंक ओळीनें आले कीं तो त्यांची ‘एक मैल, तीन मिनिटें, एकोणपन्नास पूर्णांक दोन दशांश सेकंद’ अशी गांठ मारून ठेवी. त्याच्या डोक्यांत शर्यतींच्या वेळांचा भरपूर सांठा होता. अंकांस तो ओळखीच्या जागीं बसवीत होता. अक्षरांस बसावयास तशी जागा नव्हती.

लंडन शहरांतील टॅक्सी हांकणाऱ्यांची गोष्टही अशीच आहे. तेथें परवाना मिळविण्यापूर्वीं चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आंतील सुमारें २५,००० रस्ते मुखोद्गत करावे लागतात, आणि त्यासाठीं तीन-चार वर्षें खपावें लागतें. २००० सालीं त्या शहरांतील संशोधकांनीं अशा चालकांच्या मेंदूंचीं छायाचित्रें घेतलीं. मेंदूच्या आंतल्या बाजूस समुद्रघोड्याच्या आकाराचा एक अवयव असतो, त्याचें नांव ‘हिपोकॅम्पस’. नव्या गोष्टींची नोंद आणि वाटांची ओळख यांचा त्याच्याशीं निकट संबंध आहे. चालकांत या अवयवाचा मागचा भाग इतरांच्या मानानें मोठा आढळला. २०११ सालीं उमेदवारांस शिक्षणापूर्वीं आणि नंतर तपासून पाहिलें, तेव्हां जे परीक्षा उतरले त्यांच्यांतच ही वाढ झालेली दिसली. येथवरची बातमी पुष्कळांच्या कानांवर असते. तिचा उरलेला भाग क्वचितच सांगण्यांत येतो: एक गुंतागुंतीची आकृति पाहून ती कांहीं वेळानें कागदावर पुन्हां काढावयाची, या परीक्षेंत हेच उत्तीर्ण चालक इतरांच्या मागें पडले. रस्ते पक्के झाले. रस्त्यांखेरीज दुसरें कांहीं त्यामुळें पक्कें झालें नाहीं.

संगणकावर खेळावयाचे जे ‘बुद्धीचे खेळ’ हल्लीं घरोघरीं शिरले आहेत त्यांची परीक्षाही होऊन चुकली आहे. २०१० सालीं ब्रिटनमध्यें ११,४३० लोकांच्या सहा आठवड्यांच्या सरावाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जो खेळ खेळला त्यांत प्रत्येकाची प्रगति झाली. न खेळलेल्या गोष्टींत ती उतरली नाहीं. ज्या पालकांस अशा खेळांसाठीं वर्गणी भरावयाची असेल त्यांनीं ती करमणुकीच्या खात्यांत लिहावी.

मग सुधारतें काय? सुधारते ती विशिष्ट गोष्टीची नोंद, आणि त्या नोंदीपर्यंत परत जाण्याची वाट. हें एकदां ध्यानांत आलें कीं ‘याची स्मरणशक्ति कशी वाढवावी’ हा प्रश्न गळून पडतो, आणि ‘हा धडा, हें नांव, हें काम ध्यानांत राहावें म्हणून त्याचें काय करावें’ असा निश्चित प्रश्न हातीं येतो. त्यास निश्चित उत्तरें आहेत, आणि त्यांतलीं बहुतेक फुकट आहेत.

त्यांतलें पहिलें उत्तर एका जर्मन गृहस्थानें स्वतःवर केलेल्या अत्यंत कंटाळवाण्या कष्टांतून निघालें आहे. हेर्मान एबिंगहाउस हे त्यांचें नांव. त्यांनीं अर्थहीन अवयवांचे, म्हणजे दोन व्यंजनांमध्यें एक स्वर घालून बनविलेल्या निरर्थक शब्दांचे, सुमारें २,३०० तुकडे तयार केले, त्यांच्या ओळी बनविल्या, त्या पाठ केल्या, आणि ठराविक काळ गेल्यावर त्याच ओळी पुन्हां पाठ करण्यास किती कमी श्रम पडतात तें मोजलें. श्रमांत जेवढी बचत, तेवढी स्मृति शिल्लक, असा त्यांचा हिशेब. १८८५ सालीं तो छापून निघाला. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के शिल्लक, तासाभरानंतर ४४, एका दिवसानंतर ३४, आणि एकतीस दिवसांनंतर २१.

हे आंकडे नीट पाहिले पाहिजेत. विसरणें हें भांड्याच्या बुडाला पडलेल्या छिद्रांतून सारख्या धारेनें होणाऱ्या गळतीसारखें नसतें. पहिल्या तासांत निम्म्याहून अधिक जातें. पहिला दिवस आणि महिना यांमध्यें जातें तें त्या मानानें अगदीं थोडें. म्हणजे आज शाळेंत झालेला धडा आज संध्याकाळीं दहा मिनिटें पाहण्यास जें मोल आहे तें पुढच्या महिन्यांत तासभर पाहण्यास नाहीं. परीक्षेच्या आठवड्यांत पुस्तक उघडणारा विद्यार्थी उजळणी करीत आहे असें घरच्यांस वाटतें. वस्तुतः तो बहुतेक धडा नव्यानें शिकत असतो.

एबिंगहाउस यांनीं दुसरीही एक गोष्ट मोजली. बारा शब्दांची एक ओळ त्यांनीं एका दिवशीं लागोपाठ ६८ वेळां म्हटली. दुसऱ्या दिवशीं ती बिनचूक येण्यास आणखी सात वेळां म्हणावी लागली. तशीच दुसरी ओळ तीन दिवसांत विभागून म्हटली, तेव्हां तोच परिणाम एकंदर ३८ आवृत्त्यांत साधला. काम तेंच, श्रम जवळजवळ निम्मे, आणि त्यासाठीं केलें काय तर मध्यें रात्री जाऊं दिल्या. मात्र या निरर्थक शब्दांवरून सर्वच अभ्यासाचें माप काढूं नये. त्याच गृहस्थांनीं बायरनच्या काव्याचीं कडवीं पाठ करून पाहिलीं, तेव्हां तितक्याच लांबीच्या निरर्थक ओळींच्या सुमारें एकदशांश श्रमांत तीं आलीं. अर्थ, यमक आणि वृत्त यांचा हा प्रभाव. न समजलेला धडा पाठ करावयास सांगणारा शिक्षक मुलाकडून दहापट मजुरी करून घेतो.

आतां दुसरें उत्तर, आणि घरांत सर्वांत अधिक दुर्लक्षिलेलें. वाचणें आणि आठवणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. २००६ सालीं अमेरिकेंतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनीं विद्यार्थ्यांस गद्य उतारे वाचावयास दिले. कांहीं उतारे त्यांनीं पुन्हां एकदां वाचले. कांहींच्या बाबतींत पुस्तक बाजूस ठेवून, कोऱ्या कागदावर जें आठवेल तें लिहून काढलें. दोहोंस वेळ सारखाच. पांच मिनिटांनंतर परीक्षा घेतली, तेव्हां पुन्हां वाचलेल्यापैकीं ८१ टक्के आणि लिहून काढलेल्यापैकीं ७५ टक्के आठवलें. म्हणजे वाचणारा पुढें! पण दोन दिवसांनीं हेच आंकडे ५४ आणि ६८ झाले, आणि आठवड्यानंतर ४२ आणि ५६.

परीक्षेच्या सकाळीं घाईनें पुस्तक चाळणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्याला सर्व येतें असें कां वाटतें, याचा उलगडा या आंकड्यांत आहे. पुन्हां वाचतांना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान असा भास होतो. याच संशोधकांच्या दुसऱ्या प्रयोगांत नुसतें वाचणाऱ्यांस आपल्या आठवणीबद्दल सर्वांत अधिक भरंवसा होता, आणि आठवड्यानंतर सर्वांत कमी आठवलें तें त्यांनाच. पुस्तक मिटून बसलेल्या मुलाची अडखळत चाललेली धडपड पाहून आईबापांचा जीव कासावीस होतो. ‘नाहीं ना आठवत, मग वाच पुन्हां’ असें त्यांच्या तोंडून निघून जातें. तेथें थोडा धीर धरावा. ती धडपड हाच अभ्यास आहे. दोन मिनिटें अडल्यावर पुस्तक उघडून चूक पाहावी, आणि पुन्हां मिटावें.

या दृष्टीनें पाहिलें तर महाराष्ट्रांतील जुन्या घरांतील परवचा ही मोठी शहाणपणाची गोष्ट होती. तिन्हीसांजेस दिवा लागला, शुभंकरोति झालें, कीं मुलें ओळीनें बसत आणि पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी म्हणत. पुस्तक समोर नसे, रात्र मध्यें जाऊन दुसऱ्या दिवशीं तेंच पुन्हां होई, आणि चुकलें तर आजोबा जागच्या जागीं दुरुस्त करीत. आवृत्ति विभागलेली, आठवणें पुस्तकावांचून, चूक लगेच सुधारलेली: एबिंगहाउस आणि सेंट लुइस यांच्या प्रयोगांतून निघालेल्या सर्व गोष्टी तेथें बिनबोभाट चालत होत्या. एक उणीव मात्र होती. पाढा ठराविक क्रमानें म्हटला जाई, त्यामुळें सतरा आठे किती असें मध्येंच विचारलें तर कित्येक मुलें सतरा एकेपासून मनांत धांवत येऊन १३६ गांठीत. ज्या बाजूनें वाट पाडली त्याच बाजूनें ती चालतां येते. ज्या आजोबांस हें ठाऊक असे ते पाढे झाल्यावर उलटसुलट प्रश्न विचारीत.

वेदपाठकांनीं तर ही उणीव पद्धतशीर भरून काढलेली दिसते. ऋग्वेदांतील १,०२८ सूक्तें, त्यांतील दहा हजारांवर ऋचा, लेखनाच्या आधारावांचून पिढ्यानुपिढ्या चालत आल्या, त्या नुसत्या घोकंपट्टीनें नव्हेत. संथा घेणारा विद्यार्थी संहिता शिकल्यावर पदें सुटीं करून म्हणतो. मग क्रमपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशीं जोडीजोडीनें. जटेंत त्याच जोडीस उलट फिरवून. आणि घनपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पहिलें-दुसरें-तिसरें, तिसरें-दुसरें-पहिलें, आणि पुन्हां पहिलें-दुसरें-तिसरें. प्रत्येक पद शेजारच्या पदांशीं दोन्ही बाजूंनीं बांधलें जातें; एखादें निसटलें तर शेजारचीं त्यास हांक मारतात. मात्र या पद्धतीचा हेतु स्वर आणि अक्षर अबाधित राखणें हा आहे, अर्थ समजणें हा नाहीं. इतिहासाचा धडा घनपाठाच्या रीतीनें पाठ करूं गेल्यास तो पाठ होईल आणि इतिहास कळावयाचा राहील. जें साधावयाचें असेल त्यास अनुरूप अशीच वाट पाडली पाहिजे.

यादीसारख्या, एकमेकांशीं संबंध नसलेल्या गोष्टींसाठीं युरोपांत फार प्राचीन काळापासून आणखी एक युक्ति चालत आली आहे. आपल्या परिचयाच्या घराच्या दारापासून माजघरापर्यंत मनानें चालत जावयाचें, आणि प्रत्येक ठिकाणीं एकेक गोष्ट ठेवीत जावयाची: उंबऱ्यावर मिठाची पिशवी, देव्हाऱ्यांत छत्री, पाळण्यांत भोपळा. चित्र जितकें विक्षिप्त तितकें चांगलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सामान्य माणसांनीं सहा आठवडे रोज अर्धा तास ही युक्ति गिरविली. ७२ शब्दांपैकीं पूर्वीं तीसही न आठवणारीं तीं माणसें साठांहून अधिक शब्द सांगूं लागलीं. सभेंत टाळ्या मिळविणारे बहुतेक स्मरणपटु हेंच करतात. बाजाराच्या यादीस ती उपयोगी आहे. अर्थात् चिठ्ठीही तितकीच उपयोगी आहे.

पुष्कळदां मनुष्य ज्यास विसर म्हणतो तो विसर नसतोच. चष्मा ठेवतांना मन दुसरीकडे होतें. नोंद झालीच नाहीं, तर आठवणार काय? १९७९ सालीं अमेरिकेंत लोकांस एक सेंटचें नाणें आठवणीनें काढावयास सांगितलें. आयुष्यांत हजारों वेळां हाताळलेलें तें नाणें, पण त्यावर काय कोठें आहे तें बहुतेकांस सांगतां आलें नाहीं. श्रोत्यांपैकीं कोणीही एक रुपयाच्या नाण्याबाबत हा प्रयोग घरीं करून पाहावा. पाहणें आणि लक्ष देणें यांत अंतर आहे, आणि हजार वेळां पाहिल्यानेंही तें अंतर भरून निघत नाहीं. पुस्तकाशेजारीं मोबाइल फोन ठेवून अभ्यास करणाऱ्या मुलाचें मन दर दोन मिनिटांनीं त्याकडे धांव घेत असेल तर त्याच्या डोळ्यांखालून पानें जातात, एवढेंच म्हणतां येईल.

नांवांचेंही तसेंच. समोरचे गृहस्थ सुतारकाम करतात असें कळलें तर तें ध्यानांत राहतें. त्यांचें आडनांव सुतार आहे असें कळलें तर विसरतें, असें इंग्लंडांतील मानसशास्त्रज्ञांनीं पडताळून पाहिलें आहे. शब्द एकच, परंतु धंद्यास रंधा, लांकडाचा वास आणि भुसा चिकटलेला असतो, आडनांवास कांहींच चिकटलेलें नसतें. या बाबतींत मराठी माणूस थोडा सुदैवी. नाशिककर किंवा सातारकर म्हटलें कीं निदान एक गांव तरी डोळ्यांपुढें येतो. ओळख होतांच नांव एकदां मोठ्यानें उच्चारावें, गांव विचारावा, आणि निरोप घेतांना पुन्हां नांव घेऊन बोलावें.

आतां रात्रीचा प्रश्न. जागून अभ्यास करण्याचें कौतुक करण्याची एक खोड सुशिक्षित घरांत आहे, आणि ती मोडली पाहिजे. १९२४ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतील जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनीं दोन विद्यार्थ्यांस निरर्थक शब्द शिकवून, कधीं त्यांस झोपूं दिलें, कधीं दिवसाच्या कामांत राहूं दिलें. आठ तास झोपून उठल्यावर निम्मे शब्द राहिलेले आढळत. आठ तास जागेपणीं गेल्यावर एखादाच. त्या वेळीं वाटलें कीं झोपेंत नवे विचार येत नसल्यामुळें जुने पुसले जात नसावेत. हें खरें आहे, पण अर्धेंच. १९९४ सालीं उंदरांच्या मेंदूचें निरीक्षण करतांना असें आढळलें कीं, जागेपणीं वाट शोधतांना हिपोकॅम्पसमधील ज्या पेशी बरोबरीनें चेतल्या होत्या त्याच नंतरच्या झोपेंत पुन्हां बरोबरीनें चेततात. झोपलेला मेंदू दिवसाचा धडा गिरवीत असतो. बारा वाजतां पुस्तक मिटून झोपलेला मुलगा आळशी ठरतो आणि पहांटे चारपर्यंत बसलेला कष्टाळू; पण दुसऱ्यानें त्या रात्रींचा गिरविण्याचा पाठ चुकविलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशीं नवें टिपण्यास त्याचें लक्षही थाऱ्यावर नसतें.

खुराकाची गोष्ट थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. बदाम पौष्टिक आहेत. ते खाल्ल्यानें निरोगी मुलाची आठवण सुधारते असा भरंवशाचा पुरावा नाहीं. ब्राह्मी या नांवाखालीं बाजारांत दोन निराळ्या वनस्पति विकल्या जातात, एक नीरब्राह्मी आणि दुसरी मंडूकपर्णी. हा घोळ तेलाच्या बाटलीवरील चिठ्ठीनें उलगडत नाहीं. नीरब्राह्मीच्या अर्कावर कांहीं लहान प्रयोग झाले आहेत. दोन-तीन महिने घेतल्यावर आठवणींत थोडा फायदा झाल्याचें त्यांपैकीं कांहींत दिसतें. प्रयोग लहान आहेत, आणि ते पोटांत घेतलेल्या अर्काचे आहेत, टाळूवरील तेलाचे नव्हेत. परदेशांत गिंको या झाडाच्या पानांचा अर्क फार खपतो. त्याची ७५ वर्षें व त्याहून अधिक वयाच्या ३,०६९ माणसांवर सुमारें सहा वर्षें कसून परीक्षा झाली, आणि त्यानें बुद्धिभ्रंश टळत नाहीं असा निकाल २००८ सालीं लागला.

चालण्याच्या बाजूनें मात्र कांहीं बोलतां येतें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १२० वयस्क माणसांपैकीं निम्म्यांनीं वर्षभर, आठवड्यांतून तीन दिवस, चाळीस मिनिटें भरभर चालण्याचा व्यायाम केला. उरलेल्यांनीं अंग ताणण्याचा हलका व्यायाम केला. चालणाऱ्यांचा हिपोकॅम्पस सुमारें दोन टक्क्यांनीं वाढला. दुसऱ्या गटाचा वयोमानानुसार थोडा घटला. आठवणीच्या परीक्षेंत दोन्ही गट सुधारले आणि त्यांत मोठा फरक पडला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. तरीसुद्धां जो व्यायाम हृदयास आणि रक्तवाहिन्यांस हितकर आहे तो मेंदूसही हितकर असावा, हें मानण्यास पुष्कळ आधार आहे, कारण मेंदूचें पोषण त्याच रक्तावर चालतें.

राहतां राहिली आजोबांची धास्ती. वय वाढलें कीं नांव चटकन् ओठांवर न येणें, खोलींत कशासाठीं आलों तें क्षणभर न सुचणें, हें स्वाभाविक आहे; थोड्या वेळानें तें आठवतें, किंवा कोणी सांगितलें म्हणजे ‘होय, तेंच’ असें वाटतें. आलोइस आल्त्सहायमर यांनीं १९०६ सालीं ज्या रोगाचें प्रथम वर्णन केलें, त्याचीं लक्षणें निराळीं असतात. ओळखीच्या गल्लींत वाट चुकते, तोच प्रश्न पांच मिनिटांनीं पुन्हां विचारला जातो आणि विचारल्याचें स्मरण राहत नाहीं, हिशेब ठेवणाऱ्या माणसास सुट्टे पैसे मोजतां येईनासे होतात. बहुधा हें त्या माणसापेक्षां घरच्यांच्या आधीं लक्षांत येतें. अशा वेळीं वय झालें म्हणून सोडून देऊं नये, आणि वेड लागलें म्हणून लपवूंही नये. डॉक्टरांकडे जावें, तेंही लवकर.

लवकर जाण्याचें मोठें कारण असें कीं, स्मृति मंदावण्याचीं कांहीं कारणें पूर्णपणें बरीं होण्याजोगीं असतात. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावणें हें एक. बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव हें दुसरें, आणि शाकाहारी घरांनीं त्याकडे विशेष लक्ष द्यावें. हें जीवनसत्त्व वनस्पतींत नसतें. दूध-दह्यांतून थोडें मिळतें, आणि वृद्धांच्या पोटांत तेंही नीट शोषलें जात नाहीं. पायांस मुंग्या येणें, थकवा, चिडचिड आणि विसराळूपणा हीं एकत्र दिसलीं तर रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. झोपेच्या कांहीं गोळ्या आणि सर्दी-खाजेवरील कांहीं जुनीं औषधेंही आठवण पुसट करतात. घरांत चालूं असलेल्या सर्व औषधांचीं पाकिटें डॉक्टरांपुढें ठेवलीं म्हणजे हें उघडकीस येतें. मनाची खिन्नता हें आणखी एक कारण. पत्नी निवर्तल्यानंतर अबोल झालेला मनुष्य विसराळू वाटतो; वस्तुतः त्याचें कशांतच चित्त नसतें.

आणि कान. २०२४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें बुद्धिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या आणि टाळतां येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा यांच्याबरोबर त्यांत बहिरेपणाही आहे. ज्यास नीट ऐकूं येत नाहीं त्यास नांव अर्धेंच कळतें, आणि उरलेलें अर्धें पुन्हां विचारण्याचा संकोच वाटून तो नुसती मान हालवितो. नोंद होतच नाहीं. पुढें तो मंडळींत बसेनासा होतो. कानाची तपासणी तासाभरांत होते, आणि यंत्र लावल्यावर त्याची संवय होण्यास कांहीं आठवडे लागतात. त्या आठवड्यांत घरच्यांनीं त्यांच्याशीं समोर बसून, एका वेळीं एकानेंच, थोडें सावकाश बोलावें.